भेदरं लागली का?

मोताळ्याहून फोन आला की आजीचा पहिला प्रश्न ठरलेला. पगार नाही, लग्न नाही. "काऊन रे, भेदरं लागली का?"

भेदरं म्हणजे टोमॅटो, आमच्या वऱ्हाडात. एकदा पुण्यातल्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी 'भेदराची चटणी' म्हणालो, तर टीमला वाटलं, कुणीतरी भेदरलंय!

2023चा जुलै आठवतोय? टोमॅटो शंभरी पार करून गेला होता. तेव्हा अर्ध्या सोसायटीसारखा मीही बाल्कनीतला शेतकरी झालो. चकचकीत पाकीट आणलं, लाल गोल गरगरीत टोमॅटो आले, फोटो काढले, जाम खूश. पुढच्या वर्षीसाठी त्याच फळांचं बी ठेवलं. आणि पुढच्या वर्षी एक झाड ताडमाड, एक बुटकं, एकाची फळं बोराएवढी! दोष पाकिटाचा नव्हता. त्यावर बारीक अक्षरात 'एफ-वन' लिहिलं होतं. म्हणजे दोन वेगळ्या जातींचा संकर. पहिली पिढी एकसारखी, दुसऱ्या पिढीत आजी-आजोबांचे सगळे गुण पत्त्यांसारखे पिसले जातात. फक्त खायचेच असतील तर एफ-वन मस्त. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' घ्या, तीन मोठ्या रोगांना दाद देत नाही. पण घरचं बी धरायचं असेल तर त्यांचाच 'अर्का विकास', नाहीतर दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेची जुनी 'पुसा रूबी'. टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःच स्वतःला फळवतं, त्यामुळे असं सरळ वाण पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहतं.

आजीचं भेदरं असंच. चपटं, खाचा पडलेलं, पातळ सालीचं. पिशवीत घालून बाजारातून घरी येईपर्यंत फुटेल, म्हणून कुठलाच व्यापारी घेणार नाही. आजी दरवर्षी परसात लावायची. गुडघे गेल्यापासून दोन वर्षं परस रिकामं. गेल्या वर्षी गावी गेलो तेव्हा तिने वहीच्या कागदाची एक पुडी हातात दिली. राखेत घोळलेल्या बिया. मोजल्या, बावीस. दुसरीकडे कुठेच नाहीत.

आणि आपण काय केलं? उत्साहाच्या भरात सोळा बिया मार्चमध्ये पेरल्या! झाडं झकास वाढली, मेमध्ये फुलं आली आणि सगळी गळाली. रात्रीसुद्धा गरम असेल तर टोमॅटोचे परागकण कामातून जातात, फळ धरतच नाही. आजीला फोनवर सांगताना घशात आवंढा आला. "उन्हायात भेदरं लावते का कोनी लेका? पोया झाल्यावर टाकाव लागते!" घाटाखालच्या उन्हात आयुष्य गेलेल्या बाईला हे कुणी सांगावं लागलं नव्हतं.

उरल्या सहा. पोळ्यानंतर पेरल्या, चार उगवल्या. एकीची पानं वळली, पांढऱ्या माशीची कृपा. उपटून फेकली, उरलेल्या झाडांजवळ पिवळे चिकट कार्ड टांगले. तीन झाडं, बारा इंची तीन कुंड्या, प्रत्येकीला काठीचा आधार. पाणी रोज ठरल्या वेळी, कारण कधी कोरडं कधी चिखल असं झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही आणि बूड काळं पडतं. आमच्या बाल्कनीत ना वारा ना मधमाशी, म्हणून ऑफिसला निघताना रोज फुलांना हळूच टिचकी. शेजारच्या काकू काय समजल्या असतील देव जाणे!

अकरा फळं धरली. सगळ्यात आधी पिकलेली, सगळ्यात चांगली दोन बियांसाठी ठेवली. (इथे सगळे चुकतात. चांगलं ते खातात आणि उरलंसुरलं बियाला ठेवतात.) गर पाण्यात दोन-तीन दिवस आंबवायचा, म्हणजे बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटतं. रूममेटने वासावरून तोंडसुख घेतलं. मग धुऊन सावलीत, ताटलीवर. कागदावर नको, चिकटतात.

अर्ध्या बिया कुरिअरने मोताळ्याला पाठवल्या. व्हिडिओ कॉलवर आजीने त्या तळहातावर घेतल्या, डोळ्यांजवळ नेल्या, काहीच बोलली नाही. मग विचारलं, "तू खाल्लं का एखादं?"

"खाल्लं. मीठ लावून."

"आंबट होतं?"

"डोळाच मिटला."

"मंग थेच हाय."