एक खुंटी मिळेल का?

११ वर्षं पोटावर पिशवी आहे. आयलिओस्टोमी. पाणी-मीठ शोषून घेणारं मोठं आतडंच काढलंय, त्यामुळे मला इतरांपेक्षा जास्त प्यावं लागतं. पण गावी जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासूनच मी जेवण-पाणी तोडतो. कारण पिशवी दिवसातून ५-६ वेळा रिकामी करायची असते आणि बसस्थानकावरच्या संडासात ना पाणी, ना धड कडी. पिशवी तरीही भरतेच म्हणा! वर पायात गोळे, पोटात कळा. २०१६च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात आम्ही नाही. सवलतीचं राहू द्या हो. प्रत्येक स्टँडवर निदान एका संडासात वाहता नळ, आतून लागणारी कडी आणि सामान अडकवायला खुंटी, एवढं तरी करा.