वावर आपले, ऊन आपले, भाव कोणाचा?



वलगावहून दर्यापूरच्या रस्त्याला लागले की खारपाणपट्टा सुरू होतो. जमीन काळीभोर आणि पोटातले पाणी खारे. इथे मोटर विजेवर चालवा, डिझेलवर चालवा की उन्हावर. ते पाणी पऱ्हाटीच्या कामाचे नाही. म्हणून सौर योजनांच्या जाहिराती वाचताना आम्हाला पहिला प्रश्न पडतो, की यात कोरडवाहू कास्तकार कोठे आहे?

२०२४ च्या एप्रिलपासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज मोफत झाली. त्याच वर्षी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आला. ज्याच्या विहिरीला गोडे पाणी, त्याचे भले झाले. रात्रीच्या पाळीत साप-विंचवांतून ओलित करणाऱ्या संत्रेवाल्याला दिवसा वीज मिळत असेल तर आम्ही नाक मुरडणार नाही. पण ज्याला विहीरच नाही, त्याला मोफत वीज म्हणजे टकल्याला फुकटचा कंगवा!

आमच्यासाठी एकच दार उघडे आहे, जमिनीचे. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळची जमीन कंपनीने मक्त्याने घ्यायची, तिथे पाट्या उभ्या करायच्या आणि वीज महावितरणला विकायची. भाडे हेक्टरी किमान सव्वा लाख, म्हणजे एकरी ५० हजार.

आता पाटी-पेन्सिल घ्या. कोरडवाहू एकरात पाच क्विंटल कापूस झाला असे धरू. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. झाले ४०,५५०. त्यातून बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचाई वजा करा. उरले ते घरच्या घामाचे. आणि हा हमीभाव जाहीर झाल्यावर, ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले, ते डिसेंबरअखेरपर्यंत! पडीक वावराचे भाडे पिकत्या वावरापेक्षा जास्त ठरते, यात सूर्याचा पराक्रम नाही. कापसाला किती मारून ठेवले आहे, त्याचे ते माप आहे.

म्हणून मक्ता द्यायला निघालेल्या शेतकऱ्याला आम्ही दोष देत नाही. पण कागद वाचावा. भाड्यात दरसाल ३ टक्के वाढ आहे, ती सरळ पद्धतीने, पहिल्या वर्षाच्या रकमेवर. म्हणजे वर्षाला दीड हजार. पंचविसाव्या वर्षी एकरी ८६ हजार होतील. आजपासून पंचवीस वर्षांनी ८६ हजारांत काय येईल, हे ज्याने १९९५ साली सोने घेतले त्याला विचारा.

दुसरी बाजूही पाहू. एक मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. वर्षाला साधारण पंधरा लाख युनिट वीज होते. सुमारे तीन रुपये दराने ४५ लाखांची विक्री. जमीनमालकाच्या हाती दोन-अडीच लाख. भांडवल आणि व्याज कंपनीचे, हे मान्य. पण २०१९ च्या कुसुम योजनेत शेतकऱ्याने, सहकारी संस्थेने किंवा उत्पादक कंपनीने स्वतःच्या जमिनीवर अर्धा ते दोन मेगावॅटचा प्रकल्प उभारून वीज विकण्याची सोय आहे. त्याला काही कोटी लागतात. पीककर्जासाठी चपला झिजवायला लावणारी बँक ते देईल काय? मालक होण्याची वाट कागदावर आणि भाडेकरू ठेवण्याची वाट डांबरी, असा हा कारभार आहे.

ई-क्लासचे काय, हे तर कोणी बोलतच नाही. योजनेत सरकारी आणि गावाची जमीनही येते. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तीन वर्षे मिळायचे. पैसे तीन वर्षांत संपतील, कुंपण पंचवीस वर्षे राहील. ज्याची दोन शेरडे त्या गायरानावर जगतात, त्याचे नाव सातबाऱ्यावर नाही.

नांदगावपेठच्या औष्णिक प्रकल्पाला अप्पर वर्ध्याचे पाणी द्यायचे ठरले तेव्हा जिल्हा रस्त्यावर आला होता. सौर प्रकल्प पाणी मागत नाही, धूरही काढत नाही. हे आम्हाला हवेच आहे. तो जमीन मागतो. तेव्हा भाव आणि अटी आपण ठरवल्या पाहिजेत. विजेचे दर ठरवणाऱ्या नियामक आयोगाच्या जनसुनावण्या अमरावतीतही होत आल्या आहेत. तिथे कारखानदारांचे वकील फायली घेऊन बसतात. कापूसवाल्यांच्या खुर्च्या रिकाम्या.

वलगावच्या बैठकीला येताना ज्यांच्याकडे मक्त्याचे मसुदे आले असतील त्यांनी ते सही न करता आणावेत. आपल्या गावाच्या ई-क्लासचे गट नंबरही तलाठ्याकडून लिहून आणावेत.