सही दोघांची, मशीन तिसऱ्याच्या घरात

सरकारी टेंडर ज्याच्या नावावर सुटतं तो कामाच्या जागी सहसा दिसत नाही. आपल्याकडे शेत बटईनं लावतात तसंच टेंडरही लावलं जातं. सातबारा एकाचा, राबणारा दुसरा, वाटा आधीच ठरलेला. कुणी रीतसर पोटठेका करतो, कुणी मुखत्यारपत्र लिहून देतो आणि नामानिराळा राहतो. रस्ता, नाली, शाळाखोली यांच्या बाबतीत याचं आता कुणाला नवलही वाटत नाही. पण आजारी माणसाच्या उशाशी असलेल्या यंत्राची बटई कुणी लावली, तर बिघाडाच्या रात्री फोन कुणाला करायचा?

छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) पडेगावात मुख्य रस्त्यापासून आत एका घरात पाच लिटरचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पाहिलं. मधल्या खोलीत कॉट, कॉटशेजारी मशीन, पाण्याची बाटली आणि तिथून आजींच्या नाकापर्यंत गेलेली नळी. मागचा स्पंजाचा फिल्टर रस्त्यावरच्या धुळीनं काळा पडलेला. मशीनच्या पाठीवर तीन नंबर होते. पहिला छापील, कंपनीचा. त्याखाली वितरकाचं स्टिकर. आणि त्या स्टिकरवरच जाड मार्करनं लिहिलेला तिसरा मोबाइल नंबर. आजींचा मुलगा म्हणाला, ‘‘वरचे दोन्ही कुणी उचलत नाही. हा पोरगा मात्र रात्रीसुद्धा गाडीवर येतो.’’ मशीन भाड्याचं होतं, सरकारी नव्हे. तरी साखळी ओळखीची वाटली. सगळ्यात खालचा माणूस काम करतो आणि त्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं.

ठेका म्हणजे काय हे पडेगावला शिकवायची गरज नाही. २०१८ मध्ये शहराचा नारेगावचा कचरा डेपो बंद पडला, मिटमिट्यात कचरा टाकण्यावरून लोक आणि पोलीस भिडले आणि पुढे पडेगावच्या वाट्याला कचरा प्रक्रिया प्रकल्प आला. कचरा उचलण्याचा ठेका एकाकडे, त्यावर प्रक्रिया करण्याचा दुसऱ्याकडे. दुर्गंधीची तक्रार नेमकी कुणाच्या दारात न्यायची, हे कळायलाच इथल्या माणसाला अर्धा दिवस लागतो.

पोटठेका मुळात पाप आहे असं मी मानत नाही. तो आपल्या टेंडरच्या अटींतूनच जन्माला येतो. इतक्या कोटींची उलाढाल, इतक्या वर्षांचा अनुभव, इतकी अनामत. पडेगावच्या त्या पोराला या अटी सात जन्मांत पुऱ्या करता येणार नाहीत. मग टेंडर भरते बाहेरची मोठी कंपनी, आणि काम करून घ्यायला तिला शेवटी त्याच पोराकडे यावं लागतं. अट अनुभवाची घालायची आणि ज्याच्या हाताला खरा अनुभव आहे त्याला दाराबाहेर उभं करायचं, असा हा उलटा कारभार. त्याच्या हातात पैसे पडतात ते तीन जणांनी आपापला वाटा काढून घेतल्यावर. मग सुटा भाग अस्सल बसवायचा की चालेल तो, हे ठरवताना त्याला खिशाचाच विचार करावा लागतो.

कायदा यात गोंधळलेला नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये खरदा कंपनी विरुद्ध रेमन या तागाच्या व्यवहारातल्या प्रकरणात नियम सांगून ठेवलाय. करारातला हक्क साधारणपणे दुसऱ्याला देता येतो. जबाबदारी मात्र समोरच्या पक्षाच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या गळ्यात बांधता येत नाही. तागाच्या गाठींपुरतं हे पुरेसं आहे. सरकारी ठेक्यात समोरचा पक्ष सरकार असतं, संमती सरकारी टेबलावर दिली जाते, आणि मशीन असतं तिसऱ्याच्याच घरात. त्या घराला विचारणं दूरच, बदल झाल्याचं कळवण्याचीही कुणाला गरज वाटत नाही.

ठेका हातोहात गेला की काय होतं, हे या शहरानं पाण्याच्या बाबतीत पाहिलं आहे. समांतर जलवाहिनीचा करार २०११ मध्ये झाला तो एसपीएमएल या कंपनीच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या औरंगाबाद सिटी वॉटर युटिलिटी कंपनीशी. पुढे त्या कंपनीत एस्सेल समूह आला. सप्टेंबर २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा प्रत्यक्ष तिच्या हाती गेला आणि २०१६ मध्ये महापालिकेनं करारच रद्द केला. त्यानंतर कोर्टकचेऱ्या, नवी योजना, नवा ठेकेदार. कराराच्या कागदावर कंपनीचं नाव शेवटपर्यंत तेच होतं, आतली माणसं बदलली. ज्याची पात्रता तपासून ठेका दिला, त्याची जागा दुसऱ्यानं घेतली तर पात्रता पुन्हा तपासायला नको? पाणी आठ दिवसांनी आलं तरी माणूस टाकी भरून ठेवतो. ऑक्सिजनची टाकी कुठे भरून ठेवणार?

उपकरणांचा अनुभवही आपल्या गाठीशी आहे. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत केंद्राकडून घाटी या इथल्या सरकारी रुग्णालयाला दीडशे व्हेंटिलेटर आले, राजकोटच्या ज्योती सीएनसीचे ‘धमन-३’. काही घाटीत लागले, काही खासगी रुग्णालयांना आणि शेजारच्या जिल्ह्यांना वाटले गेले. वापरात आणलेल्या ११३ यंत्रांत दोष निघाल्याचा अहवाल उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर आला; उरलेल्या ३७ ची खोकी तेव्हा उघडलीही नव्हती. केंद्राचं म्हणणं पडलं की यंत्रं चांगली आहेत, चालवणाऱ्यांना ती नीट हाताळता आली नाहीत. न्यायमूर्ती रवींद्र घुगे आणि न्यायमूर्ती बी. यू. देबडवार यांच्या खंडपीठाला ही टोलवाटोलवी थांबवा म्हणून सुनवावं लागलं. खरेदी एकानं केली, यंत्र दुसऱ्यानं बनवलं, वाटप तिसऱ्यानं केलं आणि बोट मात्र नर्सकडे वळलं. ही गत घाटीसारख्या मोठ्या रुग्णालयाची, जिथे डॉक्टर होते, तंत्रज्ञ होते आणि वर न्यायालय होतं. मधल्या खोलीतल्या त्या आजींसाठी स्वतःहून दखल घ्यायला कोणतं खंडपीठ येणार?

घरी वापरायच्या उपकरणांचे ठेके स्पर्धात्मक बोलीनं देण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेनं केला. तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेनं २०११ पासून ऑक्सिजन, खाटा, वॉकर अशा वस्तूंसाठी ठरावीक भागात ठरावीक पुरवठादार नेमले. बोलीची रीत अशी अजब होती की दीडशेहून अधिक तज्ज्ञांनी २०१० मध्येच धोक्याचा इशारा दिला होता. बोली लावणाऱ्यावर ती बंधनकारक नव्हती आणि दर निवडलेल्या बोलींच्या मध्यावर ठरत होता. म्हणजे हवेतला आकडा टाकायला मोकळं रान. बोलीचं सारं प्रकरण पुढे अडखळलं आणि २०२१ च्या फेरीत गुडघ्याच्या व कमरेच्या पट्ट्यांपुरतंच उरलं. पण पोटठेक्याबाबतचे तिथले नियम मला आवडले. कोणाला पोटठेका दिला हे दहा दिवसांत सरकारला कळवायचं. यंत्र घरी पोहोचवणं, ते कसं वापरायचं हे दाखवणं, दुरुस्ती करणं, माल खरेदी करणं एवढंच दुसऱ्याला देता येतं. रुग्णाची जबाबदारी ठेकेदाराचीच. कंपनी विकली गेली तरी ठेका आपोआप नव्या मालकाकडे जात नाही. नवा मालक स्वतः पात्र ठरला पाहिजे, जुन्या कराराची सगळी बंधनं त्यानं लिहून स्वीकारली पाहिजेत, आणि त्यानंतरही ठेका द्यायचा की नाही हे सरकार ठरवतं.

आपल्याकडे घरपोच उपकरणांचा एवढा मोठा ठेका नाही. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीमार्फत चालते. शिबिरात तपासणी होते, मग काठी, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची मिळते आणि वर्षभर फुकट देखभालीचं आश्वासन. राज्यानं २०२४ मध्ये ठेक्याची कटकटच मिटवली. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टी गाठलेल्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांच्या खात्यात थेट ३,००० रुपये येतात. मधली साखळी गेली, हे चांगलंच झालं. चष्मा, काठी, गुडघ्याचा पट्टा त्यात बसतो. कॉन्सन्ट्रेटरचं मात्र नाव काढायला नको, आणि वस्तू बिघडली की सगळं खापर ती घेऊन आलेल्या मुलाच्या डोक्यावर.

तरीही घरातल्या रुग्णांसाठी सरकारी यंत्रं येणार, असा माझा अंदाज आहे. म्हातारी माणसं वाढताहेत, दवाखान्यातल्या खाटा त्या प्रमाणात वाढत नाहीत. दवाखान्यातल्या यंत्रांच्या देखभालीसाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानानं २०१५ मध्ये आखलेला कार्यक्रम आहे. जिल्हा रुग्णालयातली यंत्रं ९५ टक्के वेळ चालू असली पाहिजेत, ग्रामीण रुग्णालयात ९० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८०, नाहीतर कंपनीला दंड. मोजमाप आहे, दंड आहे. हीच फूटपट्टी घराच्या उंबरठ्याच्या आत न्यायला कुणाची हरकत असावी?

त्यासाठी कायदा बदलावा लागणार नाही, टेंडरच्या कागदात चार ओळी वाढवाव्या लागतील. दुरुस्ती प्रत्यक्ष करणाऱ्याचं नाव आणि नंबर मशीनवर छापलेला असावा, मार्करनं लिहिलेला नव्हे. त्या नंबरवर ठरलेल्या तासांत कुणी आलं नाही, तर दंड मूळ ठेकेदाराच्या बिलातून कापावा. त्यानं पोटठेकेदाराकडून तो कसा वसूल करायचा हे त्याचं तो पाहील. ठेका दुसऱ्याकडे जात असेल, तर कोणत्या घरात कोणतं मशीन आहे ही यादी नव्याच्या हाती पडून त्यानं प्रत्येक घरी एक चक्कर मारेपर्यंत जुन्याची अनामत परत करू नये. आणि गावातल्या मेकॅनिकला बोलीतच भागीदार म्हणून दाखवायची मुभा द्यावी, म्हणजे त्याचा दरही कागदावर येईल. टेंडरपूर्व बैठकीत ठेकेदार मंडळी पेमेंट किती दिवसांत होणार एवढंच विचारतात. तिथे रुग्णांच्या घरच्यांपैकी एखाद्याला खुर्ची दिली, तर पहिला प्रश्न रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार हा येईल, आणि त्याचं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं लागेल.