पेव्हर झकास, भिंत भकास!

रो हाऊसचं पझेशन मिळालं, की पहिल्याच वीकेंडला ठरतं : पुढच्या मातीत पेव्हर ब्लॉक! चिखल नाही, झाडू मारला की काम फत्ते, शिवाय बार्बेक्यूला ऐसपैस जागा. सगळं मान्य. पण ब्लॉक थेट भिंतीला भिडवणार असाल, तर पावसाचं पाणी जाणार कुठे, हे मिस्त्रींना आधी विचारा. 'जिरतं हो आपोआप!' हे उत्तर चालणार नाही. फटींतून थोडं जिरतंच. पण खालचा मुरूम भिंतीकडे उतरता असेल, तर ते पाणी पायाशी जाऊन बसतं. म्हणून ढाळ नुसत्या ब्लॉकला नको, खालच्या थरालाही हवा. भिंतीपासून बाहेर, 10 फुटांना 2 इंच. खुर्ची डुगडुगत नाही, पाणी मात्र वाट धरतं.

खरा घोळ उंचीचा. जोत्यात ओल अडवणारा थर असतो, डीपीसी. फरसबंदी त्याच्या निदान 6 इंच खाली हवी. जुन्या शहाबादीवरच काम उरकलं, की 60 मिमीचा ब्लॉक अन् खाली 30 मिमी कच... साडेतीन इंच तिथेच गेले! मग शिंतोडे डीपीसीच्या वर उडतात आणि आतल्या ऑफ-व्हाइट भिंतीला पोपडे धरतात. त्यावर महागडा वॉटरप्रूफ रंग म्हणजे फ्रॅक्चरवर बाम.

आमची पसंती विचाराल, तर भिंतीलगत फूटभर रुंदीची खडीची पट्टी. शिंतोडे कमी, दिसतेही छान. मात्र तळाशी भोकांचा पाइप हवा आणि त्याला बाहेर तोंड हवं. नाहीतर ती पट्टी कसली, पायाला पाणी पाजणारा हौदच! अंगणच घरापेक्षा उंच असेल, तर जाळीच्या चॅनलला पर्याय नाही. गच्चीचा पाइपही त्यातच सोडा. ड्रेनेजच्या चेंबरला मात्र जोडू नका, जोराच्या पावसात तो तुंबला की उलटा येतो. पुण्यात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पाणी पटकन जिरवत नाही, वर फुगते. तिथे शोषखड्डा भिंतीजवळ नकोच.

मिस्त्रींचा शेवटचा हप्ता देण्याआधी होजपाइप लावून दहा मिनिटं पाणी सोडा आणि भिंतीच्या कोपऱ्यात डबकं साचतंय का बघा. साचलं, तर पैसे थांबवा. आणि हो, चॅनलची जाळी मे संपायच्या आत उचलून साफ करायची. गुलमोहर दारात असेल, तर पावसाळाभर दर रविवारी.