मर्ज व्हा म्हणे!



सांगलीच्या एका परिसंवादात एक विद्वान मला म्हणाले, "तुम्ही लोक किती दिवस वेगळी चूल मांडणार? आता मुख्य प्रवाहात मर्ज व्हा." टाळ्या पडल्या. मी त्या एका शब्दापाशीच अडकलो. मर्ज.

आमच्या भागाला हा शब्द नवा नाही. औंध, फलटण, सांगली, मिरज, जत ही संस्थानं ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात मर्ज झाली. १९४९ ला जुन्या साताऱ्याचे उत्तर-दक्षिण दोन जिल्हे झाले, १९६० ला दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली पडलं. नकाशा हवा तसा तोडला, हवा तसा जोडला.

पण राजेलोक फुकटात मर्ज झाले नाहीत. करार झाला. तनखा ठरला, खाजगी मिळकत राहिली, पदव्या राहिल्या. तनखा बंद व्हायला १९७१ उजाडलं. आणि महारवाडा? माझा आजा जत संस्थानातला. तो म्हणायचा, "राजा गेला, सरकार आलं, पर माझी येसकरकी कुटं गेली?" सांगावा पोचवणं चालूच, मेलेलं ढोर ओढणं चालूच. आमचं वतन मोडायचा कायदा १९५८ ला आला. त्याला कुणी करार विचारला नव्हता.

एका जागी आणून ठेवलं म्हणजे माणसं एक होत नाहीत. हे बाबासाहेब साताऱ्यातच शिकले. ७ नोव्हेंबर १९०० ला तिथल्या सरकारी शाळेत त्यांचं नाव दाखल झालं. वर्ग एकच, पण बसायला घरनं आणलेलं तरट. १९०१ ला भावंडांबरोबर वडिलांकडे गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनावर उतरले, जात कळली, गाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडं कबूल केलं. गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. रस्ता एक, गाडी एक. पण रातभर प्यायला पाणी मिळालं नाही.

म्हणून १९३६ साली लाहोरच्या त्या न झालेल्या भाषणात त्यांनी दुसरा इंग्रजी शब्द उचलला. फ्यूजन. नुसत्या सहभोजनानं भागत नाही. रक्त मिसळलं पाहिजे, बेटीव्यवहार झाला पाहिजे. या दोन शब्दांतला फरक पोरांनो, नीट ध्यानात धरा. मर्ज होताना ओढा नदीला मिळतो, नाव नदीचंच राहतं. फ्यूजनमध्ये दोन्ही धातू वितळतात. आच दोघांनाही सोसावी लागते.

त्या विद्वानांना आच नको आहे. त्यांना आमचं नाव तेवढं पुसून हवंय. २०२३ ला मिरज तालुक्यातल्या बेडगमध्ये बाबासाहेबांच्या नावाची कमान पाडली गेली. आमची माणसं घरदार सोडून मुंबईच्या वाटेला लागली. गावाच्या तोंडाशी आमचं एक नाव सोसवत नाही, आणि म्हणे मर्ज व्हा!

मी वेगळी चूल हौसेनं मांडलेली नाही. माझ्या गावात आजही मसणवटे दोन आहेत. तेव्हा यापुढं कुणी हा शब्द काढला की गप बसू नका. विचारा, साहेब, करार काय? मसणवटा एक करणार का? तुमच्या घरातली सोयरीक आमच्या वस्तीत येणार का? वितळणार कोण, आम्ही एकटेच, का तुम्हीपण?

उत्तर येईल तेव्हा चुलीचं बघू.

जय भीम.