लोणारचं रोझ सरबत

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा मीही काठावरून फोटो काढला. रंग फिकट होता, जरा मातकटच. घरी येऊन 'एडिट' दाबलं, तर सगळ्यात पुढे 'ऑटो'. एक टॅप, आणि सरोवराचं रोझ सरबत! गावभरच्या ग्रुपांवर फिरला तो हाच फोटो. माझाच होता, कबूल.

त्यात काय बिघडलं? अहो, इथे रंग हीच तर बातमी होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पाण्याचे नमुने तपासायला लावले. हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं. पाणी नेमकं किती गुलाबी होतं, हे विचारणाऱ्याला माझा फोटो काडीच्या कामाचा नाही.

'नको तर वापरू नका,' म्हणे. पण पहिल्या जागी काय ठेवायचं हे कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि आपला अंगठा तिथेच पडतो. फोटो कापायचं, सरळ करायचं साधं अवजार पुढे ठेवा. रंग बदलणारं मागे. ब्युटी मोडचंही तेच. आई जन्मभर कपाशीत राबली, आणि कॅमेरा न विचारता तिला गोरी करतो. बंद करायचं बटण सेटिंगच्या पोटात, तेही इंग्रजीत. तिला सापडणार कसं?

लोणारचा मूळ फोटो आता माझ्याकडे नाही. 'सेव्ह' दाबलं, तेव्हा अॅपने त्याच्यावरच नवा चढवला.