सही कुणाची?



या वेळची गोष्ट माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली आहे. तेव्हा मी वडोदऱ्यातल्या एका कारखान्याच्या आयटी विभागात होतो. नवरात्र संपून दिवाळीचे वेध लागले होते. एके दुपारी खरेदी विभागातल्या मॅडमनी मला बोलावलं आणि फोनच हातात दिला. पलीकडे मकरपुरा जीआयडीसीतले एक वर्कशॉपवाले होते. आमच्यासाठी फ्लँज आणि बुश बनवून द्यायचे. सात-आठ कारागिरांचं छोटं युनिट. आम्ही सगळे त्यांना नुसतं 'भाई' म्हणायचो.

"साहेब, माझी बिलं तीन आठवडे अडकलीत. खरेदीवाले म्हणतात पाठवली, अकाउंट्सवाले म्हणतात आलीच नाहीत. धनतेरसच्या आधी कारागिरांना बोनस द्यायचाय. पैसे नंतर द्या, पण बिलं गेली कुठे एवढं तरी सांगा."

मी म्हटलं, "बघतो भाई, आज संध्याकाळपर्यंत सांगतो." हे 'संध्याकाळपर्यंत' मला चांगलंच महागात पडलं.

आमच्याकडे तेव्हा लोटस नोट्स होतं. तुमच्यापैकी अनेकांनी हे नाव ऐकलंही नसेल, म्हणून थोडं सांगतो. १९७३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाच्या संगणकप्रणालीवर 'नोट्स' नावाची सोय सुरू झाली. एकाने प्रश्न लिहायचा, दुसऱ्याने त्याखाली उत्तर लिहायचं. तिथे शिकलेल्या रे ओझी यांनी १९८४ साली आयरिस असोसिएट्स ही कंपनी काढली आणि १९८९ च्या अखेरीस लोटस नोट्सची पहिली आवृत्ती बाजारात आली. १९९५ मध्ये आयबीएमने लोटस कंपनी विकत घेतली आणि २०१९ मध्ये हे सॉफ्टवेअर आपल्याकडच्या एचसीएलकडे आलं. म्हणजे ते आजही चालू आहे.

नोट्समध्ये ईमेल होतंच, पण खरी गंमत वेगळी होती. ऑफिसातल्या कुणालाही त्यावर छोटी छोटी ॲप्लिकेशन्स बनवता यायची: रजेचा अर्ज, गेटपास, बिलांची मंजुरी. आमचं बिलांचं ॲप्लिकेशन एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एकहाती लिहिलं होतं. त्यांना सगळे 'काका' म्हणत. रचना साधी होती. खरेदी विभाग बिल नोंदवायचा, स्टोअरवाला माल मिळाल्याची खूण करायचा, साहेब मंजुरी द्यायचे. मग रोज रात्री ११ वाजता एक छोटा प्रोग्रॅम सर्व्हरवर आपोआप चालायचा आणि मंजूर बिलांची फाइल अकाउंट्सकडे पाठवायचा. अशा आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमला नोट्समध्ये एजंट म्हणतात.

काका गणपतीनंतर निवृत्त झाले होते.

मी सर्व्हरचा लॉग उघडला. रोज रात्री ११ वाजता एकच ओळ: एजंट चालवण्याचे अधिकार तपासताना चूक. खाली एजंटवर सही करणाऱ्याचं नाव होतं, काकांचं.

ही सही म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवं. एजंट हा सगळ्यांच्या सामाईक डेटाबेसमध्ये ठेवलेला प्रोग्रॅम. तो रात्री चालतो तेव्हा समोर कुणी बसलेलं नसतं. मग त्याने कुठली कागदपत्रं वाचायची, कुठली बदलायची, हे कुणाच्या अधिकारात? तसं काही बंधन नसेल, तर उद्या कुणीही एक एजंट लिहून साहेबांच्या फायली वाचेल. म्हणून नोट्समध्ये एजंट सेव्ह करताना सेव्ह करणाऱ्याच्या आयडीची डिजिटल सही त्यावर बसते आणि एजंट त्या माणसाच्या अधिकारात चालतो. चेकसारखंच आहे. सही ज्याची, खातं त्याचं.

काका निवृत्त झाल्यावर एचआरकडून यादी आली आणि ॲडमिनने नियमाप्रमाणे त्यांचं नाव सगळ्या ग्रुपांमधून काढलं, सर्व्हरची दारं त्यांना बंद केली. यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं. गेलेल्या माणसाचं खातं चालू ठेवणं हीच खरी चूक ठरली असती. पण त्यांच्या नावाबरोबर त्यांच्या सहीचा एजंटही थांबला. तो थांबल्याचं कुणाला कळवायची सोय कुणी केलेलीच नव्हती. लॉगमध्ये ओळ उमटत होती, पण लॉग वाचायचा कुणी, हे ठरलं नव्हतं.

उपाय सोपा वाटला. मी एजंट उघडला, माझ्या आयडीने सेव्ह केला. आता सही माझी. हाताने चालवून पाहिला: ६० च्या वर बिलं पुढे गेली, एकही एरर नाही. संध्याकाळी साडेसहाला सगळ्यांना ईमेल टाकलं, 'बिलांची अडचण सुटली आहे.' भाईंना फोन करून सांगितलं. घरी आईला म्हटलं, आज मोठं काम केलं. आईने श्रीखंडाची वाटी पुढे केली.

तिसऱ्या दिवशी भाईंचा पुन्हा फोन. "साहेब, दोन छोटी बिलं आली. मोठी तीन अजून नाहीत." आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

लॉग स्वच्छ होता. एजंट रोज वेळेवर चालत होता. मी कोडची ओळ न् ओळ तपासली, तारखांचा हिशेब पाहिला, रकमेचा फॉरमॅट पाहिला. दोन दिवस यात गेले. शेवटी कंटाळून बिलांची यादी पुरवठादारांच्या नावाप्रमाणे उघडली. भाईंच्या फर्मचं नाव होतं. एका महिन्याखाली दोन बिलं दिसत होती. त्याच्या पुढच्या महिन्याचा मथळाही होता, पण त्याच्या डावीकडच्या छोट्या त्रिकोणावर क्लिक केलं तर खाली काहीच नाही. मथळा आहे आणि आत कागद नाही, असं कसं?

मी काकांना फोन लावला.

"काका, त्रास देतोय. बिलांच्या यादीत रिकामे मथळे दिसतायत."

"रिकामे नाहीत रे ते. तुला दिसत नाहीत. लाखाच्या वरच्या बिलांना रीडर्स फील्ड आहे. बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. नोट्समध्ये प्रत्येक कागदावर 'हा कोण वाचू शकेल' अशा नावांची यादी लावता येते. तिलाच रीडर्स फील्ड म्हणतात. यादीत नाव नसेल तर तुम्ही डेटाबेसचे मॅनेजर असलात तरी तो कागद तुमच्यासाठी नाहीच. कुलूप दिसत नाही, 'परवानगी नाही' असा संदेशही येत नाही. मथळा तेवढा उरतो, कारण यादीची मांडणी सर्वांसाठी एकच असते. काकांनी मोठ्या बिलांच्या यादीत युनिटचे साहेब, फायनान्स मॅनेजर आणि स्वतःचं नाव घातलं होतं. एजंट काकांच्या सहीने चालायचा तेव्हा त्याला सगळी बिलं दिसायची. माझ्या सहीने चालू लागला आणि मला जे दिसत नाही ते त्यालाही दिसेना. त्याच्या दृष्टीने काम पूर्ण झालेलं होतं, म्हणून एरर नाही. मी मात्र 'एरर नाही' म्हणजे 'अडचण नाही' असं धरून ईमेल पाठवून मोकळा झालो होतो.

ॲडमिनकडे पूर्ण अधिकाराने डेटाबेस उघडायची एक खास सोय असते. ती चालू केल्यावर त्या रिकाम्या मथळ्यांखाली १७ बिलं निघाली. त्यांतली तीन भाईंची.

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं. कुणा माणसाच्या नावाचा नाही, फक्त सही करण्यासाठी म्हणून एक स्वतंत्र आयडी बनवला. सगळे एजंट त्या आयडीने साइन केले. रीडर्स फील्डमध्ये व्यक्तीच्या नावाऐवजी 'रोल' घातला, म्हणजे त्या जागी माणूस बदलला तरी कागदाला हात लावावा लागत नाही. जुन्या बिलांवरही तो रोल एकदा चढवला. शेवटी एजंटला एक सवय लावली: रोज किती बिलं मंजूर झाली आणि किती पुढे गेली, हे दोन्ही आकडे सकाळी खरेदी आणि अकाउंट्स दोघांनाही पाठवायचे. यातला मंजुरीचा आकडा फायनान्सच्या नोंदीतून घ्यायचा, एजंटने स्वतः मोजलेला नाही. नाहीतर न दिसलेली बिलं दोन्ही आकड्यांतून गळतील आणि हिशेब जुळलेलाच दिसेल.

भाईंचे पैसे धनतेरसच्या आदल्या दिवशी जमा झाले. कारागिरांना बोनस वेळेवर मिळाला की त्यांनी आधीच कुठून उसने आणले होते, ते मी विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, नोट्स जुनं झालं, आमच्याकडे टीम्स आहे, गुगल आहे. पण सहीचा प्रश्न तिथेही तसाच आहे. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ऑटोमेटमध्ये फ्लो बनवलात तर त्याची कनेक्शन्स बनवणाऱ्याच्या खात्यावर असतात. तो नोकरी सोडून गेला आणि खातं बंद झालं की फ्लो अडकतो. गुगल शीटमागे ॲप्स स्क्रिप्टने वेळेवर चालणारा ट्रिगर लावलात तर तो लावणाऱ्याच्याच खात्याने चालतो. म्हणून नव्या कंपनीत एखादं ॲप्लिकेशन ताब्यात घ्याल तेव्हा कोड वाचायच्या आधी तीन प्रश्न विचारा. हे कुणाच्या नावाने चालतं? त्या नावाला काय दिसतं आणि काय दिसत नाही? आणि हे बंद पडलं तर पहिल्यांदा कळेल कुणाला? आमच्याकडे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'भाईंना' असं होतं.

घरच्याही गोष्टी याच रांगेत बसतात. वीजबिलाचा लॉगिन बाबांच्या जुन्या ईमेलवर, लग्नाचे फोटो ताईच्या ड्राइव्हमध्ये, सोसायटीच्या हिशेबाची शीट गेल्या वर्षीच्या सेक्रेटरींच्या खात्यात. गुगलच्या नियमाप्रमाणे दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं आतल्या मजकुरासकट काढून टाकलं जाऊ शकतं. या रविवारी चहा पिता पिता घरात एकदा विचारून बघा, काय कुणाच्या नावावर आहे.

काकांना दिवाळीच्या पाडव्याला भेटायला गेलो. त्यांनी फराळाचं ताट पुढे केलं आणि म्हणाले, "चूक माझी होती रे. अठरा वर्षं वाटत राहिलं, मी आहे ना." मग हसून विचारलं, "आता सही कुणाची ठेवलीस?"

"कुणाचीच नाही काका. विभागाची."

"बरं केलंस."

आणि एक कबुली. आपल्या या अंकाच्या लेखांचा आणि फोटोंचा सगळा फोल्डर गेली दोन वर्षं माझ्या खासगी खात्यावर आहे. हा लेख लिहितानाच लक्षात आलं. पुढच्या अंकाच्या आत तो मंडळाच्या खात्यावर हलवतो, आणि कुणा दोघांकडे चाव्या द्यायच्या ते कार्यकारिणीने ठरवावं.

भेटू पुढच्या महिन्यात.